क्रेटमधला कॉम्प्युटर आणि मालकाचा रकाना

ती घटना अजून जशीच्या तशी डोळ्यांपुढे उभी राहते, आणि दर वेळी मी नव्याने थक्क होतो. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, माळशेजच्या घाटात लुटलेल्या गाड्या पाहिल्या. त्या सगळ्यांपुढे हे प्रकरण किरकोळच म्हणायचं. तरीही माणूस पारखायला कुठे शिकलात असं कोणी विचारलं, तर मी याच प्रकरणाकडे बोट दाखवतो.

दोन हजार सालानंतरची ती सुरुवातीची वर्षं. आंबेगाव तालुक्यातल्या एका ठाण्यात मी उपनिरीक्षक होतो. घराघरांत कॉम्प्युटर आलेला नव्हता, पण कॉम्प्युटर शिकवणारे वर्ग जागोजाग निघाले होते. आमच्या ठाण्यापासून हाकेच्या अंतरावर, खतांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर, असाच एक वर्ग चालत असे. एके सकाळी तिथले सर धापा टाकत आले. रात्रीत वर्गात चोरी झाली होती.

मी जाऊन पाहिलं तर सगळी मशीनं जागच्या जागी, त्यांचे पडदेसुद्धा शाबूत. मी म्हटलं, "सर, गेलं काय?" सरांनी एका मशीनची बाजूची झाकणी काढून दाखवली. आतली रॅमची पट्टी नाहीशी झाली होती. रॅम म्हणजे कॉम्प्युटरची चालती आठवण, एवढं मला तेव्हा सरांनीच सांगितलं. बोटभर रुंद हिरवी पट्टी, सहज खिशात मावणारी. सगळ्या मशीनच्या पट्ट्या गेल्या होत्या, कोपऱ्यातलं एक मशीन तेवढं सोडून. दाराचं कुलूप फुटलेलं नव्हतं. फिर्याद घेतली, दोन पंच बोलावून पंचनामा केला आणि वर्गात येणाऱ्या-जाणाऱ्यांची चौकशी सुरू केली.

दोन-तीन दिवसांत ठाण्यात फोन आला. योगायोगाने तो मीच उचलला. पलीकडचा नाव सांगायला तयार नव्हता.

"साहेब, शिनोलीकडच्या वाडीत जाऊन बघा. टोमॅटोच्या क्रेटात कॉम्प्युटर बशिवलाय. वर्गातल्या समद्या रॅम तिकडंच गेल्यात. कोपऱ्यातलं मशीन तेवढं सोडलंय, ते बंद पडलं व्हतं म्हणून."

कोपऱ्यातल्या मशीनची गोष्ट ऐकून माझी खात्री पटली. खबऱ्याला आतली माहिती आहे, म्हणजे खबर पक्की. मी हवालदारांना जीप काढायला सांगितलं.

हवालदार तिकडचेच, वाडी त्यांना ठाऊक होती. शेवटच्या घरापुढे मेंढरांचा वाडा, शेजारी एक टेम्पो उभा, आणि पडवीत माणसांचा घोळका. गणवेश पाहून घोळका पांगला. आत लाकडी फळीवर ते यंत्र होतं.

नारायणगावच्या टोमॅटो बाजारात असतात त्या जाळीदार प्लास्टिकच्या क्रेटपैकी एक, उभा केलेला. त्यात प्लायवूडचा तुकडा आणि त्यावर कॉम्प्युटरचा मुख्य बोर्ड. बोर्ड प्लायला टेकू नये म्हणून खाली ठिबकच्या नळीला लावतात ते रबरी वायसर घातलेले. उंदीर शिरू नये म्हणून मागून बारीक तारेची जाळी. आणि चालू करायला काय, तर दारावरच्या बेलचं बटण. हवालदारांनी हौसेने ते दाबलं. बेल वाजली नाही, क्रेटमधला पंखा फिरू लागला आणि थोड्या वेळाने पडद्यावर एक डोंगरी रस्ता उमटला. मोटारींच्या शर्यतीचा खेळ होता. गाडी वळणावर थांबलेली आणि रस्त्याच्या कडेचं गवत वाऱ्यावर डुलत होतं.

घरात तिघं होती. टेम्पोचा चालक, तिशीचा, बोलका. मेंढरं राखणारे एक म्हातारेबुवा, डोक्याला पागोटं. आणि डी.एड. झालेली एक तरुण मुलगी, टेम्पोवाल्याची चुलत बहीण. वर्गाच्या मागच्याच बॅचला ती शिकून गेली होती. ते कळल्यावर माझा संशय आणखी घट्ट झाला.

मी टेम्पोवाल्याला विचारलं, "हा कॉम्प्युटर कोणाचा?"

"माझा न्हाई साहेब."

म्हाताऱ्याकडे वळलो. "बुवा, तुमचा का?"

"माजा कुटला आलाय?"

मुलगीही म्हणाली, "माझा नाही."

हवालदार माझ्याकडे पाहून मिशीत हसले. आमच्या धंद्यात हे नेहमीचं. चोरीचा माल कधी कोणाचाच नसतो. मी म्हटलं, ठीक आहे, कोणाचाच नाही तर सरकारचा. बिलं मागितली. काही भागांची बिलं निघाली, पुण्याच्या बाजारातली. रॅमचं बिल मात्र नव्हतं. टेम्पोवाला म्हणाला, ती जुनी, सुटी घेतली. नेमकी रॅमच चोरीला गेलेली आणि नेमकं तिचंच बिल नाही. क्रेट, पडदा, सगळं जप्त करून जीपमध्ये घातलं. जप्ती पंचनाम्यात 'मालक' म्हणून सही करायला कोणी पुढे येईना. ती जागा कोरी ठेवून आम्ही निघालो. म्हातारेबुवा जीपच्या मागे दोन पावलं आले आणि म्हणाले, "साहेब, त्येला धक्का लागू देऊ नका. आमचं त्यात लई अडकलंय."

'आमचं' हा शब्द मी ऐकला, पण त्याचा अर्थ तेव्हा डोक्यात शिरला नाही.

दुसऱ्या दिवशी टपालात जिल्हा परिषदेचा कागद आला. त्या मुलीची मढच्या बाजूच्या एका शाळेत शिक्षणसेवक म्हणून निवड झाली होती. चारित्र्य पडताळणीचा अहवाल आमच्या ठाण्याने द्यायचा होता आणि हजर होण्याची मुदत जवळ आली होती. 'चोरीच्या गुन्ह्यात संशयित' एवढं मी लिहिलं असतं तर ती नोकरी दुसऱ्याला गेली असती, आणि पुन्हा तिला कोणी उभं केलं नसतं. दुपारी तिचे वडील येऊन बाकावर बसून राहिले. काही मागितलं नाही, काही बोलले नाहीत. मला असली माणसं फार जड जातात. आरडाओरडा करणारा बरा, त्याला दोन शब्द सुनावता येतात.

बाईमाणसाला जबाबासाठी ठाण्यात बोलावता येत नाही, तिच्या घरी जावं लागतं. म्हणून हवालदारांना आणि महिला शिपायाला घेऊन मी पुन्हा वाडीवर गेलो. तिने सतरंजी घातली, पाणी दिलं आणि वडिलांशेजारी बसली. घाबरली होती, पण नजर चुकवत नव्हती.

मी सरळ म्हटलं, "तुझी नोकरी माझ्या एका सहीवर आहे. खरं सांग. तो कॉम्प्युटर तुझा नाही, तुझ्या भावाचा नाही, बुवांचा नाही. मग कोणाचा?"

"सावडीचा आहे, साहेब."

मी वाढलो पोलीस लाइनीत. बैलाशी माझा संबंध पोळ्याच्या दिवशी लांबून पाहण्यापुरता. मी म्हटलं, "हा कोण सावड?"

तिच्या वडिलांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा हसू आलं. मग त्यांनी समजावलं. "आमचा एक बैल असतोय, शेजाऱ्याचा एक. एका बैलानं औत चालत न्हाई. मंग दोघांचे जुपायचे, आज आमच्या रानात, उद्या त्येंच्या. त्येला सावड म्हंत्यात. आता कुनी इचारलं, ही जोडी कुनाची, तर काय सांगावं? माजी म्हनलं तर खोटं. त्येची म्हनलं तरी खोटंच."

मुलगी म्हणाली, "आणि सावडीत 'माझी जोडी' असं कोणी म्हणायचंच नसतं. म्हणेल त्याच्याशी पुढच्या साली कोणी सावड करत नाही. तुम्ही तिघांना एकमेकांसमोर विचारलंत. कोण कसं 'माझा' म्हणणार?"

मी हवालदारांकडे पाहिलं. "तुम्ही इथलेच ना? बोलला का नाहीत?"

"साहेब, बैलाची सावड ठावं व्हती," ते म्हणाले. "कॉम्प्युटरची आजवर कुनी केलीय?"

गंमत वाटली, पण तपासात गमतीला किंमत नसते. मी तिला म्हटलं, सावड तर सावड, आता प्रत्येक भाग कोणाचा आणि तोच का घेतला ते सांग. खोटं असेल तर इथेच गाडी अडते, हा माझा अनुभव. खोटं बोलणाऱ्याला 'काय' सांगता येतं, 'का' सांगताना तो घसरतो.

ती अडली नाही, उलट बोलता बोलता खुलत गेली. तिला मोटारींचे खेळ आवडायचे, भावाला तर वेडच. वर्गातल्या मशीनवर असा खेळ चालवला की चित्र अडखळत चालायचं. तयार कॉम्प्युटरचा भाव ऐकून दोघं परत फिरली होती. मग तिने ठरवलं, सुटे भाग घेऊन आपणच जोडायचा.

"आधी ठरवलं, पैसा कशात घालायचा नाही," ती म्हणाली. "पत्र्याचं खोकं नुसतं दिसायला असतं. टोमॅटोला जो वारा लागतो तोच याला लागतो, म्हणून क्रेट. स्पीकर भाऊच्या टेम्पोतले. पडदा एका बंद पडलेल्या हापिसातला, जरा पिवळट आहे, पण शर्यतीत कोण बघतंय? पडदा, हार्ड डिस्क आणि रॅम हा भाऊचा वाटा. रॅमची एकच पट्टी घेतली, दुसरी जागा मोकळी ठेवली. पुढं कोणी सावडीत आलं तर त्याची पट्टी तिथं बसेल."

"आणि बुवांचा वाटा?"

"ग्राफिक कार्ड. सगळ्यात भारी तेच आहे. खेळाला डोकं मध्यम चालतं, नजर चांगली लागते. म्हणून प्रोसेसर मी मधला घेतला, वाचलेला पैसा कार्डाला लावला."

"म्हातारा माणूस मोटारींच्या खेळासाठी कार्ड घेतो?"

म्हातारेबुवा दारात येऊन बसले होते. तेच बोलले. "मोटारीचं मला काय करायचंय? पुन्याला ह्यांच्यासंगं गेलो व्हतो. दुकानात दोन मशीनं लावल्याली. एकावर गवत नुसतं रंग फासल्यावानी. दुसऱ्यावर गवत हलत व्हतं. पात न् पात. मी इचारलं, हे कशानं हालतंय? म्हनले, कार्डानं. मंग मेंढरांतला एक नर इकला. गवत हाललंच पायजे, राव."

उन्हाळ्यात त्या भागातले डोंगर कसे उघडे पडतात ते मी पाहिलेलं होतं. संध्याकाळी मेंढरं वाड्यात घालून हा माणूस पडवीत येऊन बसायचा आणि त्या पोरांना गाडी वळणावर थांबवायला सांगून पडद्यावरचं गवत पाहायचा.

"आणि तुझा वाटा काय?" मी मुलीला विचारलं.

"मुख्य बोर्ड, प्रोसेसर आणि सप्लाय."

सप्लाय म्हणजे घरातली वीज आतल्या भागांना झेपेल अशी करून देणारा डबा. तिने बाजारातला सगळ्यात हलका सोडून चांगला, वजनदार घेतला होता. त्यापायी प्रोसेसर आणखी एक पायरी खाली उतरवला होता. मी कारण विचारलं.

"आमच्याकडची लाइट तुम्हाला माहीत आहे साहेब. कधी नुसती वात, कधी भडका. हलका सप्लाय जळतो तेव्हा एकटा जळत नाही, सगळ्यांना घेऊन जातो. बुवांचं कार्ड गेलं असतं, भाऊची डिस्क गेली असती. माझ्या वाट्यामुळे त्यांचा वाटा जळाला असता, तर मी तोंड कुठं दाखवलं असतं? दुसऱ्याचा बैल आपल्या दावणीला मरावा तसं झालं असतं."

मी ठाण्यात परतलो ते हेच डोक्यात घेऊन. चोराला निवड करायची नसते. हाताला लागेल ते तो उचलतो. इथे तर पट्टी-पट्टीला कारण होतं, आणि सगळ्यात मोठं कारण त्या भागापाशी होतं जो खेळताना कोणाला दिसत नाही. पण मनाला पटलं म्हणून कोर्टाला पटत नाही. बिनबिलाची रॅम शिल्लकच होती.

वाडीवरून निघताना मी जीपमध्ये बसत होतो तेव्हा तीच म्हणाली होती, "साहेब, वर्गातली रॅम आमच्या बोर्डात बसणारच नाही. घालून बघा."

दुसऱ्या दिवशी ती वडिलांबरोबर आपणहून ठाण्यात आली. मी पंच बोलावले, वर्गाच्या सरांना बोलावलं. कोपऱ्यातल्या मशीनची पट्टी चोराने सोडली होती, ती मागवली. वर्गातली सगळी मशीनं एकाच खेपेला घेतलेली, त्यामुळे पट्ट्या एकाच जातीच्या, असं सरांनी जबाबात सांगितलं. मी ती पट्टी घेऊन क्रेटमधल्या मोकळ्या जागेत बसवू लागलो. बसेना. उलटी करून पाहिली, बसेना. मी जोर लावला तशी मुलगी कळवळली, "दाबू नका साहेब, मोडेल. खाचा बघा."

पंचांनी दोन्ही पट्ट्या शेजारी धरल्या. वर्गातली पट्टी जुन्या तऱ्हेची, तिला खाली दोन खाचा. क्रेटमधली नव्या तऱ्हेची, तिला एकच. शाळेतल्या पोरालाही कळावा असा फरक. चोरीला गेलेली एकही पट्टी त्या क्रेटमध्ये कधी बसूच शकली नसती.

आता मला राग आला तो त्या फोनवाल्याचा. हातातल्या पट्टीकडे पाहता पाहता त्याचं वाक्य आठवलं. मी सरांना विचारलं, "हे कोपऱ्यातलं मशीन बंद पडलंय हे कोणाकोणाला माहीत होतं?"

"कोणालाच नाही," सर म्हणाले. "चोरी झाली त्याच संध्याकाळी शेवटची बॅच सुटल्यावर ते बंद पडलं. मी फक्त दुरुस्तीवाल्याला फोन करून सांगितलं होतं."

"दुरुस्तीवाल्याकडे वर्गाची किल्ली असते?"

"असते," सर म्हणाले. सुटीच्या दिवशी येऊन तो मशीनं साफ करत असे, त्यासाठी एक किल्ली त्याच्याकडे होती.

पुढचं काम सरळ होतं. वारूळवाडीच्या बाजूला त्याचं छोटं दुकान होतं. तिथल्या हद्दीच्या ठाण्याला कळवून झडती घेतली. पट्ट्या मिळाल्या, काही विक्रीला ठेवलेल्या जुन्या मशीनमध्ये बसवून टाकलेल्या. बंद मशीनमधली पट्टीच जळालेली असेल या समजाने त्याने ती सोडली होती. फोन त्याचाच होता, आणि वाडीचं नाव त्याने घेतलं त्यालाही कारण होतं. ती भावंडं आधी त्याच्याचकडे भाव विचारायला गेली होती. नंतर त्यांनी स्वतःच कॉम्प्युटर जोडला आणि आजूबाजूची माणसं कुठला भाग घ्यावा हे त्या मुलीला विचारू लागली, तसं त्याचं गिऱ्हाईक तुटू लागलं. क्रेटच्या आत काय आहे हे त्याने कधी पाहिलं नव्हतं, नुसतं ऐकलं होतं. आत डोकावला असता तर त्या खाचा त्यालाच आधी दिसल्या असत्या.

मुद्देमाल परत करायचा दिवस आला. तिघंही ठाण्यात आली. आमचे कारकून जरा कडक. पावतीवर 'मालकाची सही' असा एकच रकाना होता आणि त्यांचं म्हणणं, एका वस्तूला एकच मालक. टेम्पोवाला बुवांना पुढे करू लागला, बुवा मुलीला, मुलगी भावाला. मी पेन घेतलं आणि त्या रकान्यात आडव्या रेघा मारून तीन घरं केली. दोघांनी सह्या केल्या, बुवांनी अंगठा उठवला.

"चालतंय का ते तर बघून घ्या," मी म्हटलं. खरं तर मलाच पाहायचं होतं. ठाणे अंमलदारांच्या टेबलावर त्यांनी क्रेट उभा केला, वायरी जोडल्या. बुवांनी बेलचं बटण दाबलं. पंखा फिरला, पडदा उजळला आणि तो डोंगरी रस्ता आला. ड्यूटीवरचे शिपाई गोळा झाले. बिनतारी खोलीतला माणूसही दारापर्यंत आला. टेम्पोवाल्याने गाडी थोडी पळवली आणि न सांगता वळणावर थांबवली.

गवत हलत होतं, पात न् पात. बुवा पुढे वाकून पाहत होते. त्यांच्या मागे गणवेशातले आम्ही सगळेही माना पुढे काढून पाहत होतो. घाटातला वारा मी आयुष्यभर खाल्ला आहे, पण त्या पडद्यावरचा वारा पाहून माझ्या अंगावर काटा आला. तीन घरांनी आपापला तुकडा आणून तो वारा उभा केला होता, आणि त्यातल्या एकानेही तो आपला म्हटला नव्हता.

या प्रकरणाने मला काय शिकवलं, असं नवे अधिकारी विचारतात. मी सांगतो, वस्तू सापडली की 'कोणाची' एवढंच विचारून थांबू नका. हिच्यात तुमचा वाटा कोणता, आणि तोच का, हेही विचारा. माणूस पैसा कुठे घालतो त्यावरून त्याची ऐपत कळते. हात आखडता असताना तो कुठे आखडत नाही, त्यावरून माणूस कळतो. पुढे बऱ्याच तपासांत मला याचा उपयोग झाला.

त्या दिवशी क्रेट टेम्पोत चढला, म्हातारेबुवा तो मांडीशी धरून बसले, आणि मी खोलीत येऊन जिल्हा परिषदेचा कागद पुढे ओढला. चारित्र्य पडताळणीचे असे कागद ठाण्यात सारखे येत. बहुतेक वेळा त्यांचा अर्थ एवढाच असतो की या नावावर गुन्हा नोंद नाही. त्या कागदावर 'चारित्र्य चांगले' असं लिहिताना मात्र माझ्या डोळ्यांपुढे तो वजनदार सप्लायचा डबा होता, जो खेळताना कोणाला दिसत नाही. मी सही केली, शिक्का उठवला आणि टपालाची वाट न पाहता शिपायाला मोटारसायकल देऊन कागद त्याच दुपारी पुढे पाठवला.